वारं कुठून येतं : 'न्यूमा' या शब्दाची प्रस्तावना

1893 साली नारायण वामन टिळक आगगाडीने नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचं बोलणं रंगलं. त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ही कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे, पण तिच्यातल्या भूगोलाकडे सहसा कोणी पाहत नाही. बंगाल-नागपूर रेल्वेचा तो मार्ग वरठीचं भंडारा रोड, देव्हाडीचं तुमसर रोड अशी स्टेशनं घेत, वैनगंगा ओलांडून गोंदियाकडे जातो. गोंदिया 1999पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होतं. म्हणजे मराठी ख्रिस्ती साहित्याला वळण देणारं ते पुस्तक टिळकांच्या हाती आलं त्या प्रवासाची बरीचशी वाट आपल्या धानाच्या बांध्यांमधून गेलेली आहे.

त्या पुस्तकातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना धरून ठेवलं. या प्रवचनाच्या पहिल्याच वाक्यात येशू ज्यांना धन्य म्हणतो, ते 'न्यूमा'ने गरीब असलेले लोक आहेत. मराठीत तिथे 'आत्मा' येतो. संस्कृतात वाढलेला वाचक इथेच थबकावा. गीतेतला आत्मा न जन्मणारा, न मरणारा, शस्त्राने न तुटणारा. तो दीन कसा होईल? आणि तो दीन झाला तर माणूस धन्य कसा?

हा अडथळा मूळ ग्रीकात नाही, तो मराठीत येताना तयार झाला आहे. पुढच्या पानांत नव्या करारातल्या या एका शब्दाचा मागोवा घेतला आहे, तो या अडथळ्यापायीच. वाचक भंडारा, तुमसर, साकोली, पवनीकडचा धरला आहे. तो ख्रिस्ती असेल असं धरलेलं नाही. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश मिशनने भंडाऱ्यात ठाणं मांडलं, दवाखाना काढला. उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेही 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच. तरीही या जिल्ह्यात ख्रिस्ती घरं मोजकी. वारकरी, महानुभाव, बौद्ध, गोंड अशा सगळ्यांच्या शेजारात ती नांदतात, आणि 'आत्मा' म्हटलं की या प्रत्येक शेजाऱ्याच्या मनात वेगळं काही उभं राहतं.

आधी शब्दाची ओळख. ग्रीकात 'प्नेओ' म्हणजे वाहणं, फुंकणं. त्यावरून 'प्न्यूमा', म्हणजे जे वाहतं ते. ग्रीक लोक आरंभीचा 'प' उच्चारत. आपण 'न्यूमोनिया'त तो गाळतो, म्हणून इथेही गाळला आहे. तो दवाखान्यातला शब्द याच कुळातला, फुप्फुसाच्या ग्रीक नावावरून आलेला. नव्या करारात न्यूमा सुमारे 380 वेळा येतो. हस्तलिखितांतल्या पाठभेदांमुळे आकडा थोडा हलतो. त्या काळचे ग्रीक वैद्य तो शब्द शरीरातल्या वायूसाठी वापरत. स्टोइक तत्त्वज्ञांच्या मते न्यूमा म्हणजे सगळं विश्व धरून ठेवणारी उष्ण हवा. आणि इसवी सनापूर्वी अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांनी आपली हिब्रू शास्त्रं ग्रीकात आणली, तेव्हा 'रूआह' या हिब्रू शब्दासाठी बहुतेक ठिकाणी हाच घेतला. रूआह म्हणजे वारा, श्वास, आणि देवाकडून येणारं बळ. यहेज्केलच्या 37व्या अध्यायात वाळल्या हाडांच्या खोऱ्यावर चारी दिशांनी रूआह बोलावला जातो, हाडांत रूआह शिरतो आणि शेवटी देव आपला रूआह देतो. वारा, श्वास, आत्मा ही तिन्ही नावं मराठी वाचकाला लागतात, हिब्रू वाचकाला एकच पुरतं.

नवा करार लिहिणारे ग्रीक लिहीत असले तरी त्यांच्या कानात हा रूआह होता. येशूची बोली अरामी. तिच्यातही वारा आणि आत्मा यांना एकच शब्द. हे ध्यानात घेतलं की योहानाच्या तिसऱ्या अध्यायातला निकदेमाचा प्रसंग उलगडतो. रात्रीच्या वेळी आलेल्या या शास्त्र्याला येशू सांगतो की न्यूमा वाटेल तिथे वाहतो, त्याचा आवाज तुला ऐकू येतो, पण तो कुठून आला, कुठे गेला ते तुला कळत नाही. न्यूमापासून जन्मलेल्याचं असंच असतं. वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी शब्द तोच. लॅटिन भाषांतराने 'स्पिरितुस' ठेवून ही गाठ सांभाळली. मराठी भाषांतर वाक्य 'वाऱ्या'ने सुरू करतं आणि 'आत्म्या'ने संपवतं, आणि वाचकाला ती एक साधी उपमा वाटते. ग्रीकात उपमा आणि उपमेय यांच्यामध्ये फट शिल्लक राहत नाही.

असंच दुसरं ठिकाण बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या तोंडी आहे, आणि ते भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला शहरातल्या धर्मपंडितापेक्षा लवकर कळावं. योहान म्हणतो, माझ्यामागून येणारा तुमचा बाप्तिस्मा पवित्र न्यूमाने आणि अग्नीने करील. आणि लगेच, त्याच दमात, त्याच्या हातात सूप आहे, तो खळं झाडून दाणे कोठारात भरील आणि भूस जाळील. वारा पडला तर धान उपणता येत नाही, हे खळ्यावर उभं राहिलेल्या कोणालाही माहीत आहे. भरीव दाणा पायाशी पडतो, पोचट उडून जातो, आणि उडवणारा असतो वारा. मत्तय आणि लूक या दोघांनी ही दोन वाक्यं जोडून दिली आहेत. म्हणून काही अभ्यासकांना वाटतं की योहानाच्या मूळ बोलण्यात न्यूमा म्हणजे खळ्यावरचा वाराच होता, आणि पवित्र आत्म्याचा अर्थ त्यावर नंतर चढला. मला हे पटतं, पण अर्धंच. ऐकणाऱ्यांना दोन्ही अर्थ एकदम ऐकू आले असणार, आणि अशा शब्दाची खरी ताकद त्यातच असते. आता थ्रेशर आणि हार्वेस्टर आल्यावर आपल्या मुलांना हे खळं समजावून सांगावं लागेल, ती गोष्ट वेगळी.

मग प्रश्न उरतो : मराठीजवळ असा शब्द नव्हता का?

होता. अजून आहे. 'अंगात वारं येतं' असं आपण म्हणतो. देवीचं वारं, देवाचं वारं. कोणाला काही बाधलं तर 'बाहेरची हवा लागली' म्हणतात. वासरू उधळलं तर वारं प्यायलं. अमक्याचं वारं पोराला लागू देऊ नको. चळवळ उठली तर नव्या विचारांचं वारं. झुळूक, अंगात संचारणारी शक्ती, बाधा, संगतीचा परिणाम, काळाचा कल : एवढा पसारा मराठीतल्या या एका साध्या शब्दाने सांभाळला आहे, आणि न्यूमाचा पसारा जवळजवळ हाच आहे. न्यूमा ग्रीकातही शाळेत शिकवावा लागणारा शब्द नव्हता, मासे धरणाऱ्याच्या तोंडचा होता.

तरी भाषांतरकारांनी 'वारं' घेतलं नाही, आणि त्यांना दोष द्यावा असं वाटत नाही. गोव्यात राशोलच्या पाद्री थॉमस स्टीफन्सने 1616 साली 'क्रिस्तपुराण' छापलं. ओवी मराठी, वळण पुराणाचं, पण पवित्र आत्म्याचं नाव पोर्तुगीजांकडून जसंच्या तसं घेतलेलं, 'स्पिरितु सांतु'. पंडिती शब्दातून भलतं दैवत आत शिरेल हे भय त्यामागे होतं. दोनशे वर्षांनी बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीने मराठी भाषांतर हाती घेतलं. मत्तय 1805मध्ये छापला, पूर्ण नवा करार 1811मध्ये. केरीच्या हाताशी होता नागपूरचा वैजनाथ पंडित, ज्याच्या नावावर मराठी 'सिंहासनबत्तिशी' आणि 'हितोपदेश' आहेत. म्हणजे मराठीत छापलेल्या पहिल्या नव्या कराराला नागपुरी कान होता. वऱ्हाड-झाडीतल्या लोकांनी याचा थोडा अभिमान धरायला हरकत नाही, कारण पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी 1826मध्ये स्वतःचं भाषांतर छापलं आणि मराठी बायबलची भाषा पश्चिमेकडे सरकली ती सरकलीच. पण पंडित नागपूरचा असो की पुण्याचा, पवित्र गोष्टीसाठी तो संस्कृताकडेच जाणार. गावच्या भगताचा शब्द देवाच्या पुस्तकात घालावा हे त्याला सुचणं अवघड, आणि मिशनऱ्याला तर ते झेपणारच नव्हतं. अशा रीतीने 'आत्मा' बसला, आणि दोनशे वर्षं प्रार्थनेत घासून तो आता ख्रिस्ती मराठीचा आपला शब्द झाला आहे. तो काढा असं हे पुस्तक म्हणत नाही. त्याच्यातून वारा निघून गेला आहे, तेवढं ध्यानात असावं.

या शब्दांची सगळ्यांत जास्त चिंता पंडिता रमाबाईंनी केली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत एकटीने सबंध बायबल उतरवलं. हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेल्या संस्कृत शब्दांविषयी त्या फार सावध होत्या, आणि त्यांच्याइतकं संस्कृत जाणणारी व्यक्ती सावध होते तेव्हा कारण असतं. खिळे जुळवणं, छापणं आश्रमातल्या बायकांनीच केलं. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, सबंध बायबल 1924मध्ये बाहेर आलं. याच आश्रमात 1905मध्ये शेकडो मुली-बायका रडत, थरथरत, मोठमोठ्याने प्रार्थना करत पवित्र आत्म्याने भरल्या गेल्या. अमेरिकेत लॉस अँजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर पेंटेकॉस्टल लाट उठली ती त्यानंतरच्या वर्षी. शेजारच्या गावातून कोणी ते पाहिलं असतं तर 'वारं आलंय' याखेरीज दुसरा शब्द त्याच्या तोंडी आला नसता.

आणि इथे सावध व्हायला हवं, कारण नव्या करारातला प्रत्येक न्यूमा पवित्र नाही. मार्काच्या शुभवर्तमानात येशू कफर्णहूमच्या सभास्थानात शिकवायला उभा राहतो, आणि पहिला सामना होतो तो अशुद्ध न्यूमा लागलेल्या माणसाशी. गरसेकरांच्या मुलखात थडग्यांत राहणारा, साखळ्या तोडणारा एक जण आहे, त्याच्यातल्या न्यूमांचं नाव 'सैन्य'. फिलिप्पैत एका दासीला भविष्य सांगणारा न्यूमा आहे आणि तिचे धनी त्यावर पैसा करतात; पौल तो घालवतो तेव्हा त्यांना दुःख होतं बुडालेल्या कमाईचं. मजकुराचा रोख कुठे आहे ते यात दिसतं. येशू अशा माणसाला मारत नाही, उपाशी ठेवत नाही, धूर देत नाही. एक शब्द बोलतो, आणि तो माणूस कपडे घालून शुद्धीवर बसलेला दिसतो. बाधा काढण्याच्या नावाखाली आजारी माणसाला, आणि बहुधा बाईलाच, मारहाण करणाऱ्यांनी बायबलचा आधार घेऊ नये. महाराष्ट्रात 2013पासून तो कायद्याने गुन्हाही आहे. योहानाचं पहिलं पत्र तर बजावतं की प्रत्येक न्यूमावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या.

लूकच्या शेवटच्या अध्यायात न्यूमाचा अर्थ सरळ भूत असा आहे. पुनरुत्थानानंतर येशू मध्येच येऊन उभा राहतो, शिष्यांना वाटतं आपण न्यूमा पाहतो आहोत. तो म्हणतो, न्यूमाला हाडंमांस नसतं, मला हात लावून पाहा. आणि भाजलेल्या माशाचा तुकडा खाऊन दाखवतो. तोच लूक प्रेषितांच्या कृत्यांत पेंटेकॉस्टच्या दिवसाचं वर्णन करताना सोसाट्याच्या वाऱ्यासाठी 'प्नोए' हा सख्खा शब्द घेतो आणि न्यूमा राखून ठेवतो, तो घर भरून गेल्यावर माणसं ज्याने भरतात त्याच्यासाठी. लूक ग्रीक लेखक म्हणून किती तालेवार होता ते अशा जागी कळतं.

पौलाकडे आलं की वाट बदलते. त्याच्या पत्रांत न्यूमा कधी सौम्यपणाची वृत्ती असते, कधी माणसाचं स्वतःला आतून ओळखणं, आणि बहुतेक वेळा देवाचं काम करणारं बळ. त्याने न्यूमाच्या समोर ठेवलेला शब्द 'सार्क्स', म्हणजे मांस. मराठीत ही जोडी 'आत्मा' आणि 'देह' अशी वाचली की आपण नकळत 'देह नाशवंत, आत्मा अमर' या ओळखीच्या पाटात जाऊन पडतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सार्क्सची कामं मोजतो, आणि त्यांत व्यभिचार, दारूबाजी यांच्याबरोबर वैर, कलह, मत्सर, तट पाडणंही आहे. तट पाडायला शरीर लागत नाही. सार्क्स म्हणजे देवाकडे पाठ केलेला सगळा माणूस, बुद्धीसकट. न्यूमाने चालणारा म्हणजे देवाकडे वळलेला सगळा माणूस, शरीरासकट. म्हणून करिंथकरांस तो 'न्यूमाचं शरीर' अशी, गीतेच्या वाचकाला वदतोव्याघात वाटेल अशी, गोष्ट सांगू शकतो. थेस्सलनीकाकरांस, म्हणजे इ. स. 50च्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या अगदी आरंभीच्या पत्रात, न्यूमा, जीव आणि शरीर ही तीन नावं ओळीने येतात आणि त्यावरून माणसाचे तीन तुकडे करणारी ग्रंथसंपदा उभी राहिली आहे. ती मी फारशी मनावर घेत नाही. पौल तिथे शरीरशास्त्र शिकवत नाही, आशीर्वाद देतो आहे. त्याच अध्यायात तो न्यूमा विझवू नका असंही सांगतो. गीतेचा आत्मा विझवता येत नाही.

महानुभावांच्या विचारात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि एकमेकांपासून वेगळे. जीव परमेश्वर होत नाही. त्यांच्या वाचकाला पौल अद्वैत्यापेक्षा लवकर जवळ येईल असा माझा अंदाज आहे. देणारा वेगळा, घेणारा वेगळा, हा हिशेब त्याच्या ओळखीचा.

बौद्ध वाचकाची अडचण उलटी आहे. 1954मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, 1956मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि 'द बुद्ध अँड हिज धम्म' या त्यांच्या ग्रंथात आत्म्याची कल्पना साफ नाकारलेली आहे. अशा घरातला मुलगा बायबल उघडतो आणि पानोपानी आत्मा पाहून मिटतो, तर त्याचं काही चुकत नाही. पण त्याच्यासाठी 'मिलिंदपञ्ह'मधला एक प्रसंग इथे सांगायला हवा. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. भदंत नागसेनांना न्यायला त्याचा अनंतकाय नावाचा माणूस येतो. ते नाव 'अँटिओकस'चं पाली रूप असावं असं अभ्यासक मानतात. वाटेत तो विचारतो, आपण ज्याला नागसेन म्हणतो तो कोण? आणि स्वतःच सुचवतो : आत-बाहेर करणारा हा वारा, तोच जीव असावा. नागसेन म्हणतात, शंख वाजवणाऱ्याने फुंकलेला वारा त्याच्याकडे परत येतो का? नाही. मग तो मरत का नाही? अनंतकाय गप्प होतो. श्वास हा जीव नव्हे, शरीराचा व्यापार आहे, असं नागसेन समजावतात. पवनीचे स्तूप साधारण याच शतकांतले. मिनँडरच्या दरबारातला ग्रीक माणूस न्यूमाची भाषा बोलत होता, आणि वारा हा कोणाचा कायमचा ठेवा नसतो हे भिक्खू त्याला सांगत होता. गंमत अशी की योहानाचं शुभवर्तमान या एका मुद्द्यावर नागसेनांच्या फार दूर नाही : न्यूमा तुझा नाही, तुला धरून ठेवता येत नाही. पुढे दोघांच्या वाटा पूर्ण वेगळ्या होतात, आणि त्या एक करून दाखवण्याचा गोडवा मला मंजूर नाही. नागसेनांच्या वाऱ्याला पाठवणारा कोणी नाही. योहानाच्या वाऱ्याला आहे.

लिंगाविषयी थोडंच. हिब्रू रूआह बहुतेक स्त्रीलिंगी, ग्रीक न्यूमा नपुंसक, लॅटिन स्पिरितुस पुल्लिंगी. चौथ्या-पाचव्या शतकातल्या जेरोमने यावरून म्हटलं की देवाला लिंग नाही. आपल्याकडे मराठीत 'तो आत्मा', आणि बालाघाटच्या बाजूने हिंदीत शिरलं की तोच शब्द स्त्रीलिंगी. यावर फार मोठे इमले बांधू नयेत.

पवित्र न्यूमा हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे आणि पुढे तीन प्रकरणं त्याला दिली आहेत. इथे एकच सांगतो. न्यूमाला प्रभू आणि जीवनदाता म्हणणारं श्रद्धावचन 381 सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेचं आहे. 325च्या नायसियाच्या श्रद्धावचनात त्याच्या वाट्याला जेमतेम एक उल्लेख आला होता. ती भाषा तयार होण्याआधीचे लेखक शब्द इतका बांधून वापरत नव्हते. जुन्या प्रतींत सगळी अक्षरं एकाच आकाराची. लेखनिक न्यूमासाठी तीन अक्षरं लिहून वर आडवी रेघ मारत, आणि ही खूण त्यांनी काही पवित्र आत्म्यापुरतीच राखलेली नाही. इंग्रजी बायबल मोठं अक्षर घालून वाचकाच्या वतीने निकाल देऊन टाकतं. देवनागरीत मोठं अक्षर नाही. या बाबतीत मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षा पहिल्या शतकातल्या ग्रीक वाचकाच्या जवळ बसलेला आहे.

पुस्तकाच्या मांडणीविषयी. जिथे अर्थ उघड आहे तिथे वारा, श्वास, प्राण, वृत्ती, भूत असे साधे शब्द वापरले आहेत. जिथे जाणते वाचकही भांडतात तिथे 'न्यूमा' तसाच ठेवला आहे. उदाहरणार्थ, वधस्तंभावर येशू मान लववतो आणि 'न्यूमा सोपवून देतो' असं योहान लिहितो. प्राण सोडला हा सरळ अर्थ. पण योहानाने निवडलेलं क्रियापद एखादी वस्तू दुसऱ्याच्या हवाली करण्याचं आहे, आणि सातव्या अध्यायात त्यानेच सांगून ठेवलं आहे की येशूचं गौरव होईपर्यंत न्यूमा अजून दिलेला नव्हता. मग वधस्तंभाखाली उभ्या असलेल्या आईला आणि त्या शिष्याला काय मिळालं? विसाव्या अध्यायात तो शिष्यांवर फुंकर घालून न्यूमा घ्या म्हणतो, ते पहिलं देणं की दुसरं? सहाव्या प्रकरणात दोन्ही बाजू दिल्या आहेत. माझा कल हवाली करण्याच्या बाजूला आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला त्या प्रकरणाशी सावधपणे भांडता येईल.